कारखाना गेला, येझदी राहिली

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी मोटरसायकली तयार झाल्या. १९९६ मध्ये तो बंद पडला. कंपनीचं दुरुस्ती केंद्रच उरलं नाही, तरी त्या जुन्या गाड्या आजही धावतात. याचं श्रेय मी हौशी मालकांइतकंच यंत्राच्या रचनेला देतो. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत; हेड उघडून पिस्टनवरची काजळी खरवडणं गल्लीतल्या मिस्त्रीलाही जमतं. दुचाकीची दुरुस्ती अशी गल्लीत होत असेल, तर मग मोटारीचा तुटलेला व्हील स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो बोल्ट) बदलायला शोरूमची मजुरी का मोजावी? अनेक गाड्यांत ड्रम किंवा डिस्क उतरवली, की जुना स्टड ठोकून काढता येतो आणि नवा वॉशर-नट आवळत हबमध्ये ओढून बसवता येतो. चाकाशी खेळ नको, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच टॉर्क रेंच हवा, आणि थोडं अंतर चालवून नट पुन्हा तपासायला हवेत. बेअरिंगसकट हब काढावा लागणार असेल, तर मात्र प्रेस असलेल्या वर्कशॉपला खुशाल पैसे द्यावेत.