पितळेचं पातेलं आणि लिव्हरची सुई

मागच्या बैठकीत आमच्या चाकणच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "ह्यांचं लिव्हर कडक झालंय म्हणतात. सुईने तुकडा काढायचा म्हणजे काय गं?" हप्त्यांचा हिशोब बाजूला राहिला. म्हणून आज त्या सुईचीच गोष्ट.

लिव्हरला पुन्हा पुन्हा इजा झाली की आत जखमेच्या व्रणासारखे कडक धागे तयार होतात. ते फार वाढले की सिरोसिस. बरेच दिवस दुखत नाही, म्हणून कळतही नाही. खात्री करायची तर बायोप्सी. १८८३ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी सुईने लिव्हरचा नमुना काढला. १९५८ मध्ये इटलीच्या मेंघिनींची सुई आली, ती लिव्हरमध्ये जेमतेम सेकंदभर राहते. तरी रक्तस्रावाची थोडी जोखीम उरतेच. शिवाय तो तुकडा म्हणजे अख्ख्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग!

या सुईशी आपल्या पुण्याचाही संबंध आहे. पूर्वी दोन-तीन वर्षांची बाळं पोट फुगून, कावीळ होऊन दगावायची. एकाच घरात दुसरं मूलही जायचं. आईच्या नशिबाला बोल लागायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी याचा शोध घेतला. बाळांच्या लिव्हरच्या तुकड्यांत तांबं भरलेलं होतं. आयांना विचारलं, तर वरचं दूध लवकर सुरू केलेलं आणि ते पितळेच्या, कल्हई उडालेल्या भांड्यात तापवून ठेवलेलं. १९८३ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आजार लवकर सापडला तर तांबं बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन औषधाने काही मुलं वाचू लागली. पितळ मागे पडून स्टील आलं आणि नव्वदच्या दशकात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट बघायच्या, ती काही उगाच नव्हे.

आता सुईशिवायही बरंच कळतं. २००३च्या सुमारास फ्रान्समधून फायब्रोस्कॅन आलं. उजव्या बरगडीवर यंत्र टेकवतात, हलका ठोका देतात. लिव्हर जितकं कडक, तितकी लाट जोरात धावते. पोटात पाणी असेल तर मात्र नीट मोजता येत नाही. पुढची पायरी म्हणजे मॉलिक्युलर इमेजिंग. ते कडक धागे कोलॅजेनचे असतात, त्यांनाच जाऊन चिकटणारं औषध शिरेतून द्यायचं आणि एमआरआयमध्ये बघायचं. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये यावर काम झालं आहे. आपल्या तालुक्यात ते मागायला जाऊ नका, अजून संशोधनच आहे. बायोप्सीही संपलेली नाही, काही वेळा कारण शोधायला ती लागतेच. डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, "आधी स्कॅनवर भागेल का?"

ताईंनी विचारलं. स्कॅनचा दिवस मिळाला. पण तपासणीआधी तीन तास पोट रिकामं हवं, आणि यजमान स्टँडवर पोहे खाऊन गेले! आता मंगळवारी पुन्हा जायचंय. या वेळी ताई सोबत जाणार आहेत.