त्याग आणि कपात : नगरच्या मिशनचा पैशाचा इतिहास

आजचा विषय पैशाचा आहे. धर्मसंस्थांच्या इतिहासात आपण श्रद्धेबद्दल, धर्मांतराबद्दल, साहित्याबद्दल बोलतो. पगाराबद्दल सहसा बोलत नाही. पण अमेरिकन मराठी मिशनचा अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, इतिहास पगाराशिवाय नीट कळत नाही, असं माझं मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची माणसे १८१३ मध्ये मुंबईला आली आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे उघडले. १८३३ मध्ये तिथे पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ नगरलाच सुरू झाले. पुढे वडाळा, राहुरी, पारनेर अशा ठिकाणी काम पसरले. हे काम प्रत्यक्ष करणारे कोण? गावोगावचे शाळामास्तर, उपदेशक, घरोघर जाणाऱ्या बायबल-बाया आणि थोडे पाळक. मिशनरी मूठभर, नोकरवर्ग मात्र मोठा, आणि त्याचा पगार समुद्रापलीकडून येणारा.

आता बघा, बोस्टनच्या तिजोरीला खोकला झाला की इथे ताप चढणारच. १८३७ मध्ये अमेरिकेत आर्थिक घबराट झाली तेव्हा बोर्डाने सगळ्या क्षेत्रांवरचा खर्च आवरला. सिलोनमध्ये तर शाळाच्या शाळा बंद कराव्या लागल्या. म्हणजे कपात ही या मिशनच्या जवळजवळ बालपणापासूनची गोष्ट आहे.

१८५४ च्या अखेरीस बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः इकडे आले. त्यांचा सिद्धांत प्रसिद्ध आहे : देशी मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, आणि प्रसारही स्वतः करावा. स्वयंशासन, स्वावलंबन, स्वप्रसार. त्याच वर्षी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, ही त्या सिद्धांताची चांगली बाजू. दुसरीकडे इंग्रजी शिक्षणावरचा खर्च आवरता घेतला गेला. विचार उदात्त होता, यात मला शंका नाही. पण तीन ‘स्व’ एकाच वेगाने चालले नाहीत. स्वावलंबनाची मागणी लगेच झाली. स्वयंशासन मात्र रेंगाळलं.

हे कसं, ते दोन सभांमध्ये दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडळ्यांची एक संघटना होती, तिला ‘ऐक्य’ म्हणत. तिच्या सभेला गावोगावचे पाळक आणि प्रतिनिधी जमत, प्रार्थना होत, चर्चा होत. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजली तीही याच नगरात, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांमुळे. दुसरी सभा मिशनची, म्हणजे मिशनऱ्यांची. बोस्टनहून आलेली रक्कम कुठे किती द्यायची, ते तिथे ठरे. पहिल्या सभेत आवाज होता, थैली नव्हती. दुसरीत थैली होती, पण ज्यांचा पगार ठरायचा ते नव्हते.

१८९० च्या दशकात याची किंमत कळली. १८९३ मध्ये अमेरिकेत पुन्हा घबराट झाली, बोर्डावर कर्ज चढले, क्षेत्रांना कमी रक्कम मिळू लागली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने टाकसाळीत खासगी चांदीची नाणी पाडणे बंद केले. परिणाम सावकाश दिसला. १८९४–९५ मध्ये रुपयाचा भाव सुमारे १३ पेनी होता, १८९८ पर्यंत तो १६ पेनीवर गेला. हिशेब करून बघा : शंभर डॉलरचे आधी सुमारे ३७५ रुपये येत, नंतर ३०८ च्या आसपास. म्हणजे बोस्टनने एक पैसाही कमी केला नसता, तरी नगरात जवळजवळ अठरा टक्के कपात झालीच असती! आणि मधेच १८९६–९७ चा दुष्काळ, धान्य महाग. रक्कम कमी, तिचे रुपये कमी, त्या रुपयात ज्वारीही कमी.

गावच्या मास्तरचा विचार करा. यातले पुष्कळ जण महार-मांग समाजातले. धर्मांतरानंतर गावकीतला बलुत्याचा हक्क अनेकदा हातचा गेलेला. त्याला “आता स्वावलंबी व्हा” असं सांगायचं, म्हणजे कोणाच्या जिवावर? त्याच्या मंडळीतली माणसंही त्याच्याइतकीच गरीब.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक भेद करावासा वाटतो. याच मिशनमधल्या जॉर्ज बोवेन यांनी १८४९ मध्ये मुंबईत आपला पगार स्वतःहून सोडला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. देशी वळणाची, परक्या पैशावर न चालणारी ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती. या दोघांचं उत्पन्न घटलं, मास्तरचंही घटलं. रुपयांत मोजलं तर घटना एकच. पण बोवेन आणि टिळकांनी निर्णय घेतला. मास्तरवर निर्णय आला. पहिला त्याग, दुसरी कपात. कपातीला त्यागाचं नाव दिलं की ज्याचं पोट कापलं जातं त्याला तक्रार करणंही पाप वाटू लागतं. अन्याय आहे तो तिथे.

मिशनऱ्यांना खलनायक करण्याचा माझा हेतू नाही. कमी रकमेत शाळा चालू ठेवण्याची धडपड त्यांनीही केली, आणि १८९९–१९०० च्या मोठ्या दुष्काळात अमेरिकेतल्याच मदतीवर कितीतरी अनाथ मुले जगली. प्रश्न माणसांच्या चांगुलपणाचा नाही, रचनेचा आहे. मिशनच्या कारभारात भारतीयांना बरोबरीची जागा मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२४ मध्ये या मंडळ्या उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. थैली आणि आवाज एका सभेत आले, निदान घटनेत तरी.

पैसा पुढेही कमी पडणारच, कोणत्याही संस्थेला पडतो. आपल्या शिक्षणसंस्था घ्या, सहकारी संस्था घ्या. तेव्हा ‘किती कापले’ याआधी ‘कापताना खोलीत कोण होतं’ हे विचारावं. स्वावलंबन खरं की लादलेलं, हे त्या उत्तरावरून कळतं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या.