पोलादी सायकलीची कैफियत

ज्या सायकलीला विलायतेतील शौकीन लोक हल्ली ‘क्लासिक’ असे बिरुद लावतात, जिच्या जुन्या घंटीसाठी, चामडी सीटसाठी आणि पुढच्या नळीवर बसविलेल्या पितळी मुद्रेसाठी ते दूरदूरचे बाजार धुंडाळतात, आणि जी हाती आली असता दिवाणखान्यात मांडून ठेवतात, ती काळी पोलादी सायकल झाशीच्या रस्त्यांवर अद्याप दुधाच्या किटल्या आणि चाऱ्याचे भारे वाहत आहे. तिचे कुळ सांगावयास बसणाऱ्याने ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे, कारण या कुळाचा मोठेपणा त्याच्या वयात नसून त्याच्या चाकरीत आहे. रूप सर्वांच्या परिचयाचेच आहे: अठ्ठावीस इंची चाके, स्वाराला ताठ बसविणारे रुंद हँडल, तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक, साखळी पुरती झाकणारे चेनकव्हर, मागे कॅरिअर, चाक अधांतरी उचलून धरणारा स्टँड, आणि एकंदर वजन सुमारे २० किलो. या रूपाचे वेड लागलेली काही मंडळी आमच्या गावातही आहेत. त्यांच्या सोबतीने रविवारी सकाळी ओरछ्याच्या रस्त्याला लागावे, सुमारे १८ किलोमीटरांची रपेट करून बेतवेच्या काठी बसावे, आणि कोणाच्या क्रँकवर कोणत्या कारखान्याची अक्षरे उमटली आहेत, कोणाचे मडगार्ड मूळचे आणि कोणाचे मागाहून चढविलेले, याची शहानिशा उन्हे चढेपर्यंत करीत राहावे, यापरता निरुपद्रवी वितंडवाद मला दुसरा ठाऊक नाही.

मूळपुरुष म्हणून कार्ल ड्राइस या जर्मन उमरावाचे नाव घेण्याची वहिवाट आहे. १८१७ साली त्याने मानहाइम येथे चालविलेली दुचाकी गाडी लाकडी होती, तिला पायडल नव्हते, आणि स्वाराला जमिनीवर पाय रेटीतच पुढे सरकावे लागे. तेव्हा तिला पूर्वज म्हणावयास हरकत नाही, परंतु वारसाहक्काचा दावा लागल्यास तिची साक्ष फारशी उपयोगी पडणार नाही. पुढे फ्रान्सात पुढच्या चाकाला पायडल आले, इंग्लंडात तेच चाक पुरुषभर उंच झाले, आणि तेवढ्या उंचीवरून तोंडघशी पडण्याचा मर्दानी छंद काही वर्षे चालला. खरी वंशावळ सुरू होते ती १८८५ पासून. त्या वर्षी कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ ही सायकल पुढे आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि पायांचा जोर साखळीच्या द्वारे मागच्या चाकाला मिळत होता. तीन वर्षांनी बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी धाव बसविली, पुढच्या दशकात नळ्यांचा चौकटीसारखा सांगाडा रूढ झाला, आणि शतक पालटता पालटता फ्रीव्हील येऊन उतारावर पाय स्वस्थ ठेवण्याची सोय झाली. म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत या यंत्राची आकृती इतकी निश्चित झाली, की आज झाशीतील दूधवाला ज्या सायकलीवर बसतो ती स्टार्लीच्या समकालीनांना समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

परंतु आकृती ठरली म्हणून सायकल टिकली असे नव्हे. ती टिकली ती धातूमुळे आणि सांध्यामुळे, आणि माझ्या मते या कुळकथेचा गाभा तेथेच आहे. भरीव सळईपेक्षा तेवढ्याच वजनाची पोकळ नळी वाकविणे पुष्कळ अवघड असते, हे तत्त्व जुनेच. मात्र पातळ पत्र्याची, निर्दोष आणि स्वस्त पोलादी नळी कारखान्यातून निघू लागली तेव्हाच सायकलीला त्याचा लाभ झाला. बर्मिंगहॅम येथे खिळे करणाऱ्या घराण्यातील आल्फ्रेड रेनल्ड्स याने १८९७ साली अशा नळीचे पेटंट घेतले, की जिचा पत्रा टोकांशी, म्हणजे जेथे सांध्याची आच आणि ओढ सोसावयाची तेथे, आतून जाड आणि मध्ये पातळ असे. त्याच घराण्याने १९३५ साली मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ ही नळी काढली आणि शर्यतीच्या सायकलींत तिने पुढे अनेक वर्षे राज्य केले. आमच्या काळ्या सायकलीला असली तलम वस्त्रे कधी लाभली नाहीत. तिच्या अंगावर साध्या पोलादाचे जाडेभरडे कापड, आणि तेच तिला मानवले.

सांध्याची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. हाँगकाँगमध्ये पैसा मिळवून प्रकृती खालावलेल्या स्थितीत परतलेल्या फ्रँक बोडेन या गृहस्थाला डॉक्टरांनी सायकल चालविण्याचा सल्ला दिला. ती त्याला इतकी मानवली, की १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याने नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरील लहानसा कारखानाच विकत घेतला. जिला आपण सरसकट ‘रॅली’ म्हणतो ती सायकल याच कारखान्याची. त्या काळी नळ्या ज्या खोबणींत बसवीत त्या बिडाच्या जातीच्या, ओतीव आणि वजनदार असत. बोडेनच्या कारखान्याने दाबयंत्राखाली पोलादी पत्र्याच्या खोबणी घडवून ‘संपूर्ण पोलादी सायकल’ अशी आपली द्वाही फिरविली. या खोबणींत नळ्या बसवून, आच देऊन, फटीत वितळलेले पितळ सोडीत. पितळ सुमारे ९०० अंशांवर वितळते, पोलादाला वितळावयास त्याहून पाचएकशे अंश अधिक लागतात. यामुळे सांधा पक्का होत असता मूळची नळी अंगाने अबाधित राहते, आणि, हे विशेष महत्त्वाचे, कालांतराने पुन्हा आच दिली असता तोच सांधा उघडून मोडकी नळी काढता येते व दुसरी बसविता येते. नॉटिंगहॅमच्या गिऱ्हाइकाला या गुणाचे फारसे सोयरसुतक नसेल. त्याच्यापाशी दुकान जवळ होते. त्याची खरी किंमत कळली ती जेथे कारखाना समुद्रापलीकडे आणि मिस्त्री पिंपळाखाली, त्या मुलखात.

झाशीचा या कथेतील प्रवेश कालगणनेच्या दृष्टीने मौजेचा आहे. १७४२ पासून नारोशंकरांच्या सुभेदारीत येथे मराठी घरे वसली. १८५८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, १८६१ साली शहर शिंद्यांच्या हवाली केले, आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात ते परत आपल्याकडे घेतले. म्हणजे कॉव्हेंट्रीत स्टार्लीची सायकल नुकतीच दुकानात लागली होती, तेव्हा झाशीच्या दप्तरात मालकी पालटल्याची नोंद होत होती. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांच्या आत इंडियन मिडलँड रेल्वेचे रूळ येथे आले, वाघिणी दुरुस्त करणारे मोठे वर्कशॉप उभे राहिले, १९०० मध्ये त्या रेल्वेचा कारभार जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या हाती गेला, आणि मुंबई बंदरात उतरलेला विलायती जिन्नस भुसावळ व इटारसीवरून सुमारे अकराशे किलोमीटर ओलांडून सरळ आमच्या धक्क्यावर उतरू लागला. पेट्यांत सुटे भाग येत, आणि गावोगावचे व्यापारी ते जुळवून सायकल उभी करीत.

प्रथम ती साहेबाची, मग वकील-डॉक्टरांसारख्या तालेवारांची, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कारकुनाची, टपालवाल्याची, फिटरची झाली. हा क्रम हिंदुस्थानात सर्वत्र एकच दिसतो. घरात मराठी, अंगणात बुंदेली आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला ही सायकल म्हणजे घोडा ठेवण्याची ऐपत नसता घोडेस्वाराचा रुबाब मिळविण्याची तजवीज होती. खंडेराव दरवाजातून आणि ओरछा दरवाजातून, जेथून पूर्वी पालख्या आणि स्वार जात, तेथून भोंग्याच्या वेळी डबा अडकविलेल्या सायकलींची रांग निघू लागली. अनेक नगरपालिकांनी तिच्यावर कर बसविला, परवान्याचा बिल्ला लटकविला, दिव्याविना फिरणाऱ्यास आणि डबलसीट नेणाऱ्यास दंड ठरविला. सरकारदरबारी ज्या वस्तूवर हशील बसते ती समाजात रुजली असे समजण्यास हरकत नाही.

स्वदेशी उत्पादनाची हकिकत थोडक्यात आटोपतो, कारण ती अन्यत्र पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. १९३६ साली हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा टायरचा कारखाना निघाला. १९३९ साली मुंबईत हिंद सायकल्सची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धाने आयात आटली आणि हिंदी कारागिराने सुटे भाग स्वतः घडविण्याचा धीर केला. स्वातंत्र्यानंतर जकातीचे संरक्षण लाभताच मद्रासजवळ अंबत्तूर येथे हर्क्युलिस, बंगालात आसनसोल येथे सेन-रॅले, सोनीपत येथे जानकीदास कपूर यांची ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियाना येथे मुंजाल बंधूंची हीरो असे कारखाने पाठोपाठ उभे राहिले. गंमत अशी, की ज्या काळात विलायतेत मोटारी वाढून असल्या जड सायकलींना उतरती कळा लागली, नेमक्या त्याच काळात तिचे घराणे आपल्याकडे, आणि चीनमध्ये १९५० पासून ‘फ्लाइंग पिजन’ या नावाने, बहरास आले.

या कारखान्यांनी नक्कल केली असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धवट वाटतो. आपल्या कारखान्यांनी गिअरचे पेटीबंद हब, तेलात बुडालेली साखळी असल्या नाजूक बाबी वगळल्या, आणि जेथे भार येतो तेथे पोलाद वाढविले. दोन दांड्यांचा सांगाडा, जाड तारा, दोन पोती तोलणारा कॅरिअर हे बदल दूधवाल्याच्या आणि शेतकऱ्याच्या फर्माईशीने झाले आहेत. मोठ्या चाकाला खड्डा कमी लागतो, आणि पुढचे चाक धरणारा, पुढे झुकलेला लांब चिमटा रस्त्याचे धक्के बरेचसे स्वतःच गिळतो, हे नॉटिंगहॅमने ठरविले होते; बुंदेलखंडाच्या दगडी रस्त्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

आणि मग मिस्त्री. सीपरी बाजारात किंवा सदर बाजारात रस्त्याकडेला पाण्याचे घमेले, पंप आणि दोनचार पाने घेऊन बसलेल्या या मनुष्याला कोणत्याही तांत्रिक विद्यालयाचा दाखला नसतो. परंतु बैलगाडीशी टक्कर होऊन वाकलेला चिमटा तो झाडाच्या बुंध्यात अडकवून सरळ करतो, कॉटरपिन हातोडीच्या दोन घावांत उडवितो, आणि चाकाच्या तारा एकेक आवळीत, बोटाने वाजवून कान देत, रिम अशी सरळ आणतो की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. हे कसब त्याचे खरेच. पण ते फळास येते ते धातूच्या शीलामुळे. पोलाद मोडण्यापूर्वी वाकते, वाकले की दिसते, आणि मर्यादेतील ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला ही मर्यादाच नसल्याने लहान लहान ताणही त्याच्या खाती साचत राहतात, आणि कार्बनचा सांगाडा तडकला तर पिंपळाखालच्या मिस्त्रीला हात जोडण्यापलीकडे काही करता येत नाही. जी वस्तू गावातच दुरुस्त होते ती गावाची होते, या न्यायाने ही विलायती सायकल झाशीची झाली.

दोष नाहीत असे नव्हे. दांड्यांचा ब्रेक पावसात रिमवर नुसता घसरतो, आणि किल्ल्याच्या चढावर २० किलोंचे ओझे पायांना आपली ओळख पटवून देते. तरीही शौकिनांना ती प्रिय आहे, आणि हा शौक महाराष्ट्रात अधिक संघटित झालेला दिसतो. सायकलींचे शहर म्हणून एके काळी नावाजलेल्या पुण्यात विक्रम पेंडसे यांनी कर्वेनगरात सायकलींचे संग्रहालयच उभे केले आहे, आणि महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल तेथे पाहावयास मिळते. अशा जतनाविषयी मला आदर आहे. मात्र दुसरा एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे: जुनी सायकल भंगारातून उचलावयाची, तिचा काळा रंग आणि सोनेरी रेघा खरवडून तिला पोपटी किंवा गुलाबी फासावयाचा, हब गंजलेलेच ठेवावयाचे, आणि एखाद्या उपाहारगृहाच्या दारात तिच्या कॅरिअरवर फुलझाडाची कुंडी मांडावयाची. याला प्रेम म्हणण्यास माझे मन धजत नाही. पाऊणशे वर्षे चाकरी केलेल्या यंत्राला कुंडीचा तिवा करणे हा अपमान आहे, आणि तोही हौसेने केलेला.

घराण्याची आजची स्थिती उत्साहवर्धक नाही. आमच्यापासून फार दूर नसलेल्या, ग्वाल्हेरजवळच्या मालनपूर येथील ॲटलसचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, नंतर सोनीपतचा मिटला, आणि शेवटचा साहिबाबादचा २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, थांबला. काळी सायकल लुधियानात अजून तयार होते, पण पितळी सांध्याचे जुने काम जाणणारे हात कमी होत आहेत.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की आपल्या जिन्याखाली किंवा माळ्यावर अशी एखादी सायकल धूळ खात पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिच्या सीटखालच्या सांध्याजवळ कोरलेला क्रमांक पुसून वाचावा, रंगाला हात लावू नये, मिस्त्रीकडून दोन्ही हब आणि क्रँक उघडवून छर्रे रॉकेलमध्ये धुऊन घ्यावेत, नवे ग्रीस भरावे, आणि कॉटरपिना बदलाव्यात. टायर मिळणार नाहीत ही भीती बाळगू नये. २८ × १½ या मापाचे टायर झाशीतच काय, तालुक्याच्या कोणत्याही बाजारात आजही मिळतात.