देवाची भाषा कोणती?

बेंबळीपासून धाराशिव जवळच. जानेवारी २०२० मध्ये तिथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि आमच्या गावातही त्याची चर्चा झाली. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरू मराठीचे लेखक कसे, असे विचारणारे मला भेटले. वसईतल्या कॅथलिकांची घरची बोली मराठीचीच, हे त्यांना ठाऊक नव्हते. मात्र त्यांची मुख्य उपासना, जिला मिस्सा म्हणतात, ती १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये होत असे.

देवाशी कोणत्या भाषेत बोलावे, हा वाद आपल्याला नवा नाही. नाथांच्या प्राकृत भागवतावर काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतल्याची कथा आपण ऐकत आलो आहोत. कॅथलिकांमध्येही हा वाद जुनाच. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूचे मराठी ओव्यांतले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने, स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, असा हुकूम काढला.

रोमची भूमिकाही एकच राहिली नाही. मदुराईत रॉबर्टो डी नोबिली यांनी नव्या ख्रिश्चनांना जानवे, शेंडी आणि चंदनाचा टिळा ठेवू दिला. त्यावर धर्मगुरूंमध्येच भांडण जुंपले. पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२३ मध्ये नोबिलींच्या बाजूने कौल दिला. पुढे बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४४ मध्ये दक्षिणेतल्या अनेक रूढींवर निर्बंध पक्के केले. ते पाळण्याची शपथ मिशनऱ्यांना घ्यावी लागे. ती शपथ पायस बारावे यांच्या काळात, १९४० मध्ये रद्द झाली.

मोठा बदल घडवला तो दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने. डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेच्या सुधारणेचा ठराव २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला आणि लोकभाषेची वाट मोकळी झाली. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार, आरती, समई या त्यांतल्याच. काही कॅथलिकांना हे हिंदूकरण वाटले, तर काही दलित ख्रिश्चनांना त्यात ब्राह्मणी वळण दिसले.

युरोपात फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी सुधारणा नाकारल्या. १९८८ मध्ये पोपच्या मनाईला न जुमानता त्यांनी चार बिशप नेमले आणि ते बहिष्कृत ठरले. बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेला बरीच मोकळीक दिली आणि २००९ मध्ये त्या चौघांवरचा बहिष्कार उठवला. फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती मोकळीक आवळली. तिच्यामुळे फूट वाढते, असे त्यांचे म्हणणे होते.

जुन्या मिस्सेवर प्रेम करणाऱ्यांना हटवादी म्हणून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. लहानपणापासून कानावर पडलेली प्रार्थना, मग तिचा अर्थ कळो वा न कळो, माणसाच्या अंगात मुरलेली असते. ती एका फर्मानाने जाते, तेव्हा दुखतेच. पण इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. रोमच्या चर्चची पहिली भाषा ग्रीक होती. सामान्यांना ग्रीक कळेनासे झाले, म्हणून चौथ्या शतकाच्या सुमारास तिथे लॅटिन रुजली. म्हणजे जिला आज परंपरा म्हणून जपायचे, ती लॅटिनही लोकांना कळावे म्हणूनच आली होती.

फादर दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. बायबल सोप्या मराठीत आणणारे त्यांचे ‘सुबोध बायबल’ मागे राहिले आहे. पोप बदलतील, नियम सैल होतील, आवळले जातील. पण वसईच्या आजीला आपली प्रार्थना आपल्याच भाषेत कळू लागली, ती समज कोणत्याही फर्मानाने परत घेता येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)