एका अरुंद खोलीचा इतिहास: न्यूयॉर्कचा सीबीजीबी क्लब

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने रॉक क्लबवर बोलावं हे काहींना विचित्र वाटेल. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे: नवं कसं जन्माला येतं?

पंक रॉक कुणी आणलं, असं विचारलं की आपण नावं सांगतो. रमोन्स, टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ. नावं बरोबर आहेत. पण ही सगळी मंडळी एकाच खोलीत वाजवत होती, हे आपण सहज बोलून पुढे जातो. आज त्या खोलीतच थांबू.

डिसेंबर १९७३. मॅनहॅटनमधला बाउरी हा रस्ता तेव्हा दारुडे आणि बेघर यांचा म्हणून ओळखला जाई. ३१५ क्रमांकाच्या इमारतीत वर गरिबांसाठीचं स्वस्त लॉज, खाली हिली क्रिस्टल यांचा बार. त्यांनी नाव ठेवलं सीबीजीबी, म्हणजे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज. गंमत बघा, ज्या संगीतासाठी पाटी लावली ते तिथे फारसं रुजलंच नाही. १९७४ च्या मार्चमध्ये टेलिव्हिजन आले, ऑगस्टमध्ये रमोन्स. पुढच्या वर्षी रमोन्सच्या आधी वाजवायला टॉकिंग हेड्स उभे राहिले.

क्रिस्टल यांची मुख्य अट एकच: गाणी स्वतःची हवीत. इतर बारमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या नकला चालत, इथे नाही. आणि व्यवहार साधा. दारावरचे पैसे बँडचे, बारचा गल्ला मालकाचा. म्हणजे बँड पडला तरी कुणी बुडत नव्हतं. अपयश स्वस्त होतं! मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे.

आता प्रेक्षकांकडे या. लांबट, अंधारी, बोळासारखी खोली. एका बाजूला बार, टोकाला ठेंगणा मंच. गर्दी झाली तरी तीनेकशे माणसं. वाजवणारा हाताच्या अंतरावर, त्याची चूकही स्पष्ट ऐकू येणार. मोठ्या स्टेडियममध्ये कलाकार देवासारखा दूर असतो, तिथे आपण भक्त होतो. इथे मनात येतं, ‘हे तर मलाही जमेल.’ ऐकणाऱ्यांपैकी कित्येकजण स्वतःच कुठल्यातरी बँडमध्ये होते. आजचा श्रोता उद्या मंचावर.

पण एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. जागा स्वस्त का होती? कारण वस्ती हलाखीत होती, आणि १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क महापालिकाच दिवाळखोरीच्या कडेला आली होती. पुढे शहर सावरलं, भाडी चढली. २००५ मध्ये क्लबचा भाडेकरार संपला, थकबाकीवरून वाद झाला. जागा भाड्याने देणारी संस्था कोण? बेघरांसाठी काम करणारी! इथे खलनायक शोधू नका, सापडणार नाही. १५ ऑक्टोबर २००६ ला पॅटी स्मिथ शेवटचं गायल्या आणि दारं बंद झाली. नंतर तिथे महागड्या कपड्यांचं दुकान आलं.

म्हणून काय, शहर पुन्हा गरीब व्हावं असं म्हणायचं? अजिबात नाही. पण ज्या शहरात चुकायला परवडेल अशी एकही खोली उरत नाही, तिथे जुन्याच्या नकला तेवढ्या चांगल्या होतात. प्रतिभेचा इतिहास लिहिताना भाड्याची पावती फेकून देऊ नये, एवढंच माझं म्हणणं. इथे थांबतो.