शिकाऱ्याची दुर्बीण

शिकारीच्या गोष्टी निघाल्या म्हणजे बंदूक, मचाण, हाकारे आणि वाघाची डरकाळी ह्यांचे वर्णन मनमुराद होते. गळ्यात लोंबणाऱ्या दुर्बिणीचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. तथापि खरा शिकारी आणि नुसता बंदूक झाडणारा ह्यांत जे अंतर होते, ते पुष्कळसे ह्या उपेक्षित साधनानेच राखले होते, असे आमचे मत आहे. म्हणून ती दुर्बीण कोणती असे, मध्यम ऐपतीचा गृहस्थ ती कशी पारखून घेई, आणि शिकार बंद पडल्यावर तिचे काय झाले, हे एकदा पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

यवतमाळ जिल्हा उदाहरणादाखल घेऊ. वऱ्हाडचा हा आग्नेय कोपरा १९०५ पर्यंत सरकारदप्तरी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. पैनगंगा आणि वर्धा ह्या नद्यांच्या मधला हा उंचसखल मुलूख. काळ्या जमिनीत कापूस आणि तूर, डोंगरउतारावर साग, धावडा, मोह, तेंदू. येथल्या सागाचे रान माघ-फाल्गुनात पाने टाकते आणि एरवी वीस पावलांवर अडणारी नजर एकदम दूरवर जाऊ लागते. वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर, चितळ, रोही, रानडुक्कर, चिंकारा ही येथली जुनी वस्ती.

अशा रानात दुर्बीण लागे कोठे? हाक्यात जनावर आपण होऊन बंदुकीपुढे येई. पाणवठ्यावर किंवा बांधलेल्या बोदावर मचाण घालून बसले, तरी सावज पन्नास पावलांच्या आत येई. दोन्ही प्रकारांत नुसते डोळे पुरत, आणि गोष्टी सांगितल्या जात त्या बहुधा ह्याच दोन प्रकारांच्या. फासेपारध्याची विद्या तर वेगळीच. पाऊलखूण आणि वाऱ्याची दिशा हीच त्याची दुर्बीण. राहिला तो तिसरा प्रकार: पहाटे किंवा दिवेलागणीला एकट्याने, पायी, माळाच्या कडेकडेने जनावर शोधण्याचा. येथे गोळीच्या आधी ओळख लागते. नर की मादी, पूर्ण वाढलेला की पाडस, मागे पिल्लू आहे की नाही? उन्हाळ्यात सांबराची शिंगे गळून पडलेली असली, म्हणजे संधिप्रकाशात नर-मादीचा भेद साध्या नजरेस कठीण जातो. १९१२ च्या वन्य पशुपक्षी-संरक्षणाच्या कायद्याने प्रांतिक सरकारांस बंदीचे हंगाम ठरविण्याचा आणि माद्या व पिल्ले ह्यांस अभय देण्याचा अधिकार दिला होता. पण कायदा कागदावर कितीही चोख असला, तरी दोनशे पावलांवरून तो पाळावयाचा म्हणजे आधी दिसले पाहिजे.

जुन्या शिकाऱ्यांच्या हाती असे ती साधी दुनळी दुर्बीण, गॅलिलिओच्या पद्धतीची. तीत काचा थोड्या, म्हणून प्रकाश चांगला; परंतु ती तीन-चार पटींहून फारशी वाढवीत नसे आणि दृश्य किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे अरुंद दिसे. इटलीच्या पोर्रोने १८५४ मध्ये लोलकांच्या साहाय्याने उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती काढली, आणि आबे ह्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली जर्मनीच्या झाइस कारखान्याने १८९४ मध्ये तशी दुर्बीण बाजारात आणली. १९०८ मध्ये त्या कारखान्याचा एकाधिकार संपला आणि इतरांस वाट मोकळी झाली. पहिले महायुद्ध सुरू होताच इंग्लंडात दुर्बिणींचा इतका दुष्काळ पडला की, लेडी रॉबर्ट्स ह्यांच्या नावाने निधी उघडून लोकांच्या घरच्या दुर्बिणी सैन्यासाठी उसन्या मागाव्या लागल्या. पुढे दोन्ही युद्धांनंतर लष्करी मालाचा पूर बाजारात आला, १९५० नंतर जपानी कारखान्यांच्या बेताच्या किमतीच्या दुर्बिणी जगभर गेल्या, आणि जी वस्तू साहेबाच्या व जमीनदाराच्या गळ्यात दिसे ती वकील-डॉक्टरांच्या घरीही दिसू लागली.

निवडीचा प्रश्न खरा येथे सुरू होतो. नवखा ग्राहक दुकानदारास एकच प्रश्न विचारी, "किती पटींची?" आणि दहा-बारा पटींची घेऊन घरी येई. शिकारीच्या दृष्टीने हा प्रश्न जवळजवळ निरर्थक होय. दुर्बिणीवर ६×३० असे दोन आकडे असतात. पहिला पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्याने भागिले म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ६×३० मध्ये ती पाच, ८×३० मध्ये पावणेचार, ७×५० मध्ये सात. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा कोणतीही दुर्बीण सारखीच. पण जनावर दुपारी फिरत नाही. ते बाहेर पडते तेव्हा बाहुली पाच-सहा मिलिमीटर विस्फारलेली असते आणि बारीक झोताची दुर्बीण तिला अर्धपोटी ठेवते. शिवाय दहा पटींत हाताचा कंपही दहा पटींनी वाढतो. आणि वैशाखात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असता, तापलेल्या जमिनीवरची लहरती हवादेखील जनावराइतकीच मोठी होऊन दिसते!

मग सर्वांनी ७×५० घ्यावी काय? ती आरमाराची दुर्बीण, वजन किलोभर. दोन कोस चालल्यावर मान बोलू लागते. त्यातही एक गंमत अशी की, वय वाढते तशी बाहुली कमी उघडते; म्हणजे घरातले वडीलधारे गृहस्थ मोठ्या हौसेने जो जाड झोत विकत घेत, त्यातला बराचसा त्यांच्या डोळ्यांबाहेरच सांडे. सहा ते आठ पटी आणि पाचाच्या आसपास झोत, हा मध्यम मार्गच ह्या रानास मानवणारा होता. आजची ८×४२ हीही त्याच हिशेबाची.

किंमत वाढते ती मुख्यतः काचेच्या लेपासाठी. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शेकडा चार-पाच प्रकाश परावृत्त होऊन वाया जातो; लोलकांच्या दुर्बिणीत असे पृष्ठभाग दहा धरले, तर तिसरा हिस्सा वाटेतच गळाला. १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुला ह्या शास्त्रज्ञाने हा तोटा कमी करणारा पातळ लेप शोधिला. जुनी दुर्बीण घेणाऱ्याने दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. दूरचे घराचे आढे किंवा तारायंत्राची तार पाहावी. ती एकाची दोन दिसली किंवा डोळ्यांस ताण पडला, तर आतले लोलक हलले आहेत असे समजावे. नंतर उजेडाकडे धरून उलट बाजूने आत डोकवावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती आपल्या पावसाळ्याची बुरशी. चामडी पेटी ओल धरते. बंद पेटीत पावसाळाभर ठेवलेली उत्तम दुर्बीण अशी आंधळी होते.

वाघाच्या शिकारीस १९७० मध्ये बंदी झाली, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. १९९७ मध्ये टिपेश्वर अभयारण्य झाले. बंदूक गेली, दुर्बीण राहिली. पण ओळखीचा प्रश्न मिटला नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका जिच्यावर होता, त्या 'अवनी' वाघिणीस २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालण्यात आली. तिला दोन पिल्ले होती. कापूस वेचावयास जाण्याची ज्यांस धास्ती पडली होती, त्या गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतरत्र निषेध झाला. आधी बेशुद्धीचे औषध मारण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता काय, हा वाद पुढे कित्येक दिवस चालला. दाट झुडुपांत महिनोन् महिने चाललेल्या त्या शोधात उष्णता टिपणारी विमानयंत्रेही उडविली गेली. अशा जागी आमची ८×४२ काय करणार?

तिचे काम आता वेगळ्या रात्रीचे आहे. बुद्धपौर्णिमेस महाराष्ट्रातील अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणे बांधतात आणि नाव नोंदविलेले नागरिक व वनरक्षक रात्रभर बसून आलेली जनावरे मोजतात. पाणवठा तोच, मचाणही तसेच. चंद्रप्रकाशात पाण्यावर आलेले सांबर नर की मादी, हे कागदावर लिहावयाचे असते. तेथे चालावयाचे नसल्यामुळे आम्ही नापसंत केलेली ती जड ७×५० मचाणाच्या दांड्यावर टेकविता येते, आणि शेजारी तरुण डोळ्यांचा कोणी असेल तर ती त्याच्याच हाती द्यावी.