१५ जुलै २०१६ : छताखालचा फुटबॉल

‘प्रीमियर फुटसाल’ ही सहा शहरांची व्यावसायिक लीग आजच्या दिवशी चेन्नईत सुरू झाली. फुटसाल म्हणजे छोटं बंदिस्त मैदान, प्रत्येक संघाचे पाचच खेळाडू आणि कमी उसळणारा चेंडू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. तरी लीगच्या अध्यक्षपदी लुईस फिगो, मैदानात रायन गिग्ज, पॉल स्कोल्स. निवृत्त ताऱ्यांची जत्राच म्हणा! बेळगाव-निपाणीकरांना जवळचा संघ गोव्याचा, चोर्ला घाटापलीकडचा. त्यात चक्क रोनाल्डिन्हो! बेंगळूरविरुद्ध एकट्याने पाच गोल ठोकले आणि स्पर्धा अर्ध्यावर सोडून गेला. त्याच्या जागी काफू आला. २४ जुलैला गोव्यातच झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईने कोचीला हरवलं. २०१७ च्या दुसऱ्या हंगामानंतर लीग पुन्हा भरली नाही.